कंपनी बंद पडलेल्या कामगारांना बायोटेकमध्ये कसं न्यायचं: कामगार, कॉलेज आणि कंपनी यांना एका टेबलावर आणायची पद्धत

भोसरी घ्या, चाकण घ्या, वाळूज घ्या, गाड्यांचे पार्ट बनवणारा एखादा कारखाना बंद होतो आणि आठवड्याभरात शे-दोनशे घरांचं गणित बिघडतं. आणि त्याच जिल्ह्यात, कधीकधी बसच्या एका तासाच्या अंतरावर, लस, इंजेक्शन, इन्सुलिन बनवणाऱ्या बायोटेक कंपन्या ऑपरेटर शोधत असतात. पुण्याला हडपसर-मांजरीत सीरम, मांजरीतच बायोव्हेट, हिंजवडीला जिनोव्हा, संभाजीनगरला वोक्हार्ट, रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेस. पण बंद पडलेल्या कारखान्यातला माणूस त्या गेटपर्यंत जातच नाही कारण त्याला वाटतं तिथे सगळे एमएस्सी झालेले लागतात. मी कामगारांच्या बाजूने अशा बॅचेस लावायचं काम करतोय, त्यात जे समजलं ते इथे सविस्तर लिहितोय म्हणजे तुमच्या भागात कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका पुन्हा करू नका.

आधी अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच नीट दिसते. नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचं गाव आहे, गिरणीचं गाव, टॉवेल आणि चादरी बनवणारं, अगदी आपलं इचलकरंजी किंवा जुनं गिरणगाव समजा. ३० जुलै २००३ ला तिथली पिलोटेक्स कंपनी बंद झाली आणि त्या परिसरातल्या चार हजारांहून जास्त लोकांची नोकरी एका दिवसात गेली, त्या राज्यातली तोपर्यंतची सगळ्यात मोठी कपात. कितीतरी जणांचं शाळेचं शिक्षणही पूर्ण नव्हतं. तिथलं सरकारी कम्युनिटी कॉलेज खरंच धावून आलं, आधी शाळा पूर्ण करून घेतली मग कोर्स दिले. २००५ मध्ये जाहीर झालं की गिरणीच्याच जागेवर बायोटेकचा मोठा संशोधन कॅम्पस होणार, २००८ मध्ये त्याची मुख्य लॅब उघडलीसुद्धा. पण संशोधनाच्या लॅबमध्ये जागा कुणाला मिळणार, तर डिग्रीवाल्यांना. वीस वर्षं लूम चालवलेल्या बाईला नाही. तिच्यासारख्या लोकांना जमेल असं काम उत्पादनात असतं, आणि औषधाचा मोठा कारखाना त्या गावाशेजारी कॉनकॉर्डला यायचं जाहीर झालं २०२२ मध्ये, एलाय लिलीचा, एक अब्ज डॉलरचा, सुमारे ६०० जागांचा. म्हणजे गिरणी बंद झाल्यावर जवळजवळ १९ वर्षांनी. तोपर्यंत त्यातली बरीच माणसं रिटायर झाली होती.

यावरून मी एकच गोष्ट पक्की धरलीये. आधी जागा शोधायची, मग कोर्स ठरवायचा. आणि जागा शोधायची ती कारखान्यातली, लॅबमधली नाही. आपल्याकडे उलटं होतं, कुणीतरी फंड आणतं, कॉम्प्युटरचा नाहीतर टेलरिंगचा कोर्स लावतं, सर्टिफिकेट वाटपाचा फोटो निघतो आणि माणूस घरी येऊन परत सिक्युरिटीची नोकरी शोधतो. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय झालं ते आपल्या घराघरात माहितीये. हाफकिन संस्था तिथेच परळला, १८९९ पासून, लस बनवणारी, आणि आजूबाजूच्या गिरण्यांतली माणसं भाजीच्या गाड्या लावत होती. मला ते फार लागतं.

तर कामाला लागू.

गेट बंद व्हायच्या आधी यादी करा

कारखाना बंद होणार ही कुजबुज सुरू झाली की त्याच आठवड्यात यादी करायला घ्या. तीन महिन्यांनी केलीत तर अर्धे लोक गावी गेलेले असतात आणि नंबर बदललेले असतात. यादीत नाव, वय, शिक्षण हे तर आलंच पण खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा माणूस रोज नक्की काय करायचा. "ऑपरेटर" एवढं लिहून चालत नाही. कुठलं मशीन, कोणते गेज बघायचा, रजिस्टर भरायचा का, ब्रेकडाऊनला कोण हात लावायचं, हे सगळं विचारा. आम्ही पहिल्यांदा फॉर्म वाटले, लोकांनी दोन-दोन शब्दांत भरून दिले, काही उपयोग झाला नाही. मग चहाला बसून एकेकाशी पंधरा मिनिटं बोललो तेव्हा कळलं की एक जण बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट घेऊन बसलाय आणि त्याने ते फॉर्ममध्ये लिहिलंच नव्हतं.

दुसरं, कागद. हे फार कळकळीने सांगतोय. कंपनी बऱ्याचदा म्हणते की राजीनामा लिहून द्या, हिशोब लगेच देतो. तुमची नोकरी जात असेल आणि तुम्ही ईएसआयसीत (कामगार विमा योजनेत) असाल तर सही करायच्या आधी जाणकाराला विचारा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद झाला किंवा कपात झाली तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो, पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के आणि दुसरं वर्ष २५ टक्के, त्या काळात दवाखानाही चालू राहतो आणि त्याच योजनेत व्यवसाय प्रशिक्षणाची सोयही आहे. ठराविक काळ वर्गणी भरलेली असावी लागते, पण मुख्य अट म्हणजे नोकरी तुमच्या मर्जीविरुद्ध गेलेली असली पाहिजे. स्वखुशीने राजीनामा दिला असं कागदावर आलं की संपलं. तसंच २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत रि-स्किलिंग फंडाची तरतूद आहे, कपात झालेल्या कामगाराच्या शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे मालकाने फंडात भरायचे आणि कपात झाल्यापासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात यायला हवेत. हे पैसे नुकसानभरपाईपेक्षा वेगळे. मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा, पीएफला सोडल्याची तारीख चढलीये का, हे सगळं एका फाइलला लावून ठेवा.

कोण कुठे बसतो

आता यादी हातात आली की माणसाचं जुनं काम आणि बायोटेक प्लांटमधलं काम यांची जोडी लावायची. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे लोकांचे चेहरे बदलतात.

बायोटेक कारखाना म्हणजे शेवटी काय, मोठ्या स्टीलच्या टाकीत जिवंत पेशी किंवा बॅक्टेरिया वाढवायचे, त्यांना हवं ते खाद्य, हवा, तापमान, पीएच द्यायचं, मग त्यातून हवं ते प्रोटीन वेगळं करून शुद्ध करायचं आणि शीशीत भरायचं. टाकीला फर्मेंटर किंवा बायोरिअॅक्टर म्हणतात, पहिल्या अर्ध्या कामाला अपस्ट्रीम आणि दुसऱ्या अर्ध्याला डाऊनस्ट्रीम. या सगळ्याच्या भोवती पंप आहेत, व्हॉल्व्ह आहेत, वाफ आहे, शुद्ध पाण्याचा प्लांट आहे, एसीचे मोठे युनिट आहेत, पॅकिंग लाइन आहे, गोडाऊन आहे. म्हणजे मायक्रोबायोलॉजी झालेले लोक लागतातच, पण त्यांच्यासोबत हात चालवणारे खूप लागतात.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम केलेला माणूस असेल तर तो सोनं आहे, त्याने फर्मेंटेशन पाहिलंय, फेस आला की काय करायचं त्याला सांगावं लागत नाही. दूध डेअरीतला माणूस त्याहून तयार, कारण सीआयपी म्हणजे टाकी न उघडता आतून कॉस्टिक आणि पाण्याने धुणं हे त्याने आयुष्यभर केलेलं असतं. डाईंगवाल्याला पीएच, तापमान, वजन करून केमिकल टाकणं माहिती असतं, तो मीडिया प्रेपरेशनला, म्हणजे पेशींचं खाद्य बनवायच्या कामाला चालतो. सीएनसी किंवा प्रेसवरचा ऑपरेटर फिलिंग आणि पॅकिंगच्या मशीनवर पटकन बसतो. फिटर आणि बॉयलरवाला युटिलिटीला, म्हणजे वाफ, पाणी, एसी सांभाळायला. आर्गन वेल्डिंग चांगलं असलेल्याला स्टेनलेस पायपिंगच्या ठेकेदारांकडे वेगळीच मागणी आहे. व्हर्नियर घेऊन दिवसभर पार्ट तपासणाऱ्या बायका शीशी तपासायच्या कामात फार उत्तम ठरतात, फक्त डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या कारण कंपनी ती करतेच. आणि आयटीआयचा एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) केलेला कुणी सापडला तर त्याला कोर्सची वाट बघायला लावू नका, थेट बायोडेटा पाठवा.

कंपनीकडे कसं जायचं

एचआरला मेल पाठवून वाट बघत बसू नका. प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्सचा जो मॅनेजर असतो त्याला माणसांची खरी चणचण जाणवते, त्याच्यापर्यंत पोचा, एमआयडीसीच्या असोसिएशनमधून, आयटीआयच्या प्राचार्यांकडून, तिथे काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून, कसंही. आणि "आमच्या लोकांना नोकरी द्या" असं म्हणू नका. विचारायचं हे: पुढच्या सहा ते नऊ महिन्यांत कुठल्या पोस्ट भरणार आहात, त्याला कमीत कमी शिक्षण किती लागतं, वय किती चालेल, कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, हातात पगार किती, कंपनीची बस कुठून सुटते. बसचा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण नाहीये. हिंजवडीत काम आणि घर दिघीला, रात्रपाळी, बस नाही, तर तो माणूस दोन महिन्यांत सोडतो.

शिक्षणाच्या अटीवर मात्र चिकाटीने बोला. प्रॉडक्शन आणि टेस्टिंगवर देखरेख करणारा माणूस पात्रताधारक हवा हा कायदाच आहे आणि तो बरोबर आहे. पण मदतनीस, ऑपरेटर, पॅकिंग, युटिलिटी यांच्या जाहिरातीत बीएस्सी लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सवयीने. आम्ही एका मॅनेजरला सरळ विचारलं की या पोस्टवर बीएस्सी झालेला मुलगा किती दिवस टिकतो, तो म्हणाला सात-आठ महिने, मग क्यूसीत (माल तपासायच्या लॅबमध्ये) नाहीतर दुसऱ्या कंपनीत जातो. मग आम्ही म्हटलं आमचा माणूस एकाच कारखान्यात सतरा वर्षं टिकलाय. तिथे दार उघडलं.

शेवटी कंपनीकडून एक पानाचं पत्र घ्या. नोकरीची हमी कुणी लिहून देणार नाही, मागूही नका. पण "हा अभ्यासक्रम आम्ही पाहिलाय, तो पूर्ण करणाऱ्या सगळ्यांची मुलाखत घेऊ, आमचा एक माणूस दर आठवड्याला शिकवायला पाठवू" इतकं लिहून मिळतं. असं पत्र निदान दोन कंपन्यांकडून मिळेपर्यंत आम्ही बॅच सुरू करत नाही. एकाच कंपनीवर भरवसा ठेवला आणि तिचं एक्सपान्शन पुढे ढकललं गेलं, तर तुम्ही लोकांना काय तोंड दाखवणार? आमच्या बाबतीत हे झालंय, सगळी बॅच चार महिने लटकली, त्यातल्या दोघांनी व्याजाने पैसे काढले होते.

कॉलेज, आयटीआय आणि बाकीचे

तालुक्याच्या सायन्स कॉलेजमध्ये मायक्रोबायोलॉजीचं डिपार्टमेंट असतं. तिथे ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने जंतू मारायचं भांडं) असतो, लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचं टेबल) असतो, इन्क्युबेटर असतो, नशीब असेल तर छोटा फर्मेंटर झाकून ठेवलेला असतो, आणि संध्याकाळी सगळं रिकामं असतं. आयटीआयमध्ये पंप, व्हॉल्व्ह, इन्स्ट्रुमेंटेशन. म्हणजे नवीन काही विकत घ्यायची फारशी गरज नाही, दोन चाव्या मागायच्या आहेत. प्राचार्यांना प्लेसमेंटचा आकडा आणि कंपनीशी ओळख हवी असते, ते तुमच्यामुळे मिळतं, म्हणून ते तयार होतात.

सर्टिफिकेटसाठी लाइफ सायन्सेसची सेक्टर स्किल कौन्सिल आहे, तिच्या जॉब रोलप्रमाणे अभ्यासक्रम लावला तर कागदाला वजन येतं. अनुभवी लोकांसाठी आरपीएल बघा, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणं, वयाने मोठ्या लोकांना हे बरं पडतं. अप्रेंटिसच्या योजनेत सरकार स्टायपेंडचा काही भाग भरतं पण तो ३५ वर्षांपर्यंतच, त्यामुळे चाळिशीच्या माणसाला ती आशा दाखवू नका. दहावी अर्धवट राहिलेल्यांचा सतरा नंबरचा फॉर्म कोर्सबरोबरच भरून घ्या, पुढे प्रमोशनला दहावीच आडवी येते.

मग संघटना किंवा वस्तीतलं मंडळ, कुणीतरी घरचं माणूस पाहिजेच, कारण कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात लोक यायचे थांबतात तेव्हा घरी जाऊन विचारणारा प्राचार्य नसतो. कोण काय करणार हे एका पानावर लिहा, सह्या घ्या, आणि महिन्यातून एकदा सगळे एकत्र बसा, मग चहा कुणाच्याही ऑफिसात असो. जाड करारनामे करण्यात आमचे दोन महिने गेले होते, त्यातलं एकही कलम नंतर कुणी उघडलं नाही.

शिकवायचं काय

नॉर्थ कॅरोलिनात बायोवर्क नावाचा कोर्स आहे, १३० तासांच्या आसपासचा, कारखान्यातल्या टेक्निशियनसाठी बेतलेला. आमचाही साधारण तेवढाच होतो, बारा-तेरा आठवडे, संध्याकाळी. जास्त लांबवला तर घर चालत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त स्वच्छता आणि जंतू. आणि पुस्तकातून नाही. हातमोज्यांना हळद लावायची आणि सांगायचं की कातडीला एकही डाग न लागता मोजे काढून दाखवा, पहिल्या दिवशी सगळ्यांची मनगटं पिवळी होतात, चौथ्या दिवशी कुणाचीच नाही. एक बॅक्टेरिया वीस मिनिटांत दोन होतो हे फळ्यावर मांडायचं, सात तासांत एकाचे वीस लाख होतात, मग "साहेब, अर्धा तास उशीर झाला तर काय बिघडलं" हा प्रश्न परत येत नाही. ७० टक्के अल्कोहोल का वापरायचं, शंभर टक्के का नाही, कारण शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं आणि जंतूला आतून मारायला थोडं पाणी लागतंच. कारण सांगितलं की कामगार नियम पाळतो, ही माझी ठाम समजूत आहे. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्री आणि १५ पीएसआय का, खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त का, दोन दारं एकदम का उघडायची नाहीत, बहुतेक लसी २ ते ८ डिग्रीतच का, सगळ्याचं कारण सांगा, मराठीत सांगा.

तंबाखू आणि गुटख्याचं मुलाखतीच्या आधीच स्पष्ट बोला. स्टेराइल (जंतुमुक्त) एरियात हे अजिबात चालत नाही आणि आमच्याकडे चांगल्या चांगल्या हाताचे लोक यावर अडकले. पहिल्या दिवसापासून वर्गात बंदी, आणि ज्याला सोडायचंय त्याला सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचं मार्गदर्शन मिळतं तिथे घेऊन जा. कातडीचा जुना आजार असलेल्यांना क्लीनरूमऐवजी युटिलिटी किंवा गोडाऊनकडे वळवा, आधीच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कागदाला द्या. बॅचचं रेकॉर्ड, बीएमआर म्हणतात, हा या धंद्याचा जीव आहे. जे केलं ते तेव्हाच लिहायचं, जे लिहिलं ते केलेलं असायला हवं, चूक झाली तर एक सरळ रेघ मारून सही आणि तारीख टाकायची, व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, दुसऱ्याच्या नावाची सही तर मुळीच नाही. जुन्या कारखान्यात शिफ्ट संपताना पूर्ण रजिस्टर एकदम भरायची सवय असते, ती मोडायला हळद-मोज्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. आम्ही वर्गातच सरावाचे बीएमआर छापले, पाणी-साखरेचं द्रावण बनवायचं आणि प्रत्येक पायरी इंग्रजीत लिहायची. इंग्रजीला लोक घाबरतात पण रेकॉर्डमधलं इंग्रजी म्हणजे तेच ते दीड-दोनशे शब्द, क्लीन, व्हेरिफाय, होल्ड, रिजेक्ट, डिव्हिएशन. वहीच्या मागच्या पानावर रोज पाच, असं करत होऊन जातं. स्पेलिंगसाठी हसणाऱ्या मुलाला वर्गात जागेवरच थांबवा.

आणि चूक झाली तर लगेच सांगायची, लपवायची नाही. जुन्या नोकरीत चूक सांगितली की मेमो मिळायचा, म्हणून हे पटायला वेळ लागतो. मात्र नव्या कंपनीच्या सुपरवायझरशीही यावर आधी बोलून घ्या, नाहीतर आपण शिकवतो एक आणि पहिल्याच आठवड्यात त्याला झापतात.

घर कसं चालणार

बेकारीत तीन महिने वर्गात बसणं सोपं नाही, घरात हप्ते असतात. म्हणून कोर्स संध्याकाळी, म्हणजे दिवसा मिळेल ते काम करता येतं. बसपास आणि चहा-नाश्ता याचा खर्च काढायचाच, एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) एवढं सहज निघतं. पहिल्या दिवशी बायकोला, नवऱ्याला, घरच्यांना बोलवा, कोर्स संपल्यावर काय पगार मिळू शकतो ते खरं सांगा. खरं म्हणजे हेच की वीस वर्षांच्या परमनंट नोकरीचा शेवटचा पगार बायोटेकच्या पहिल्या नोकरीत मिळत नाही, बऱ्याचदा सुरुवात कॉन्ट्रॅक्टवर होते. हे लपवलं तर पहिल्या पगाराला सगळा विश्वास जातो.

चाळिशीतल्या माणसाला पंचविशीतली मॅडम शिकवते तेव्हा पहिले काही दिवस अवघड जातात. आम्ही एक करतो, एका संध्याकाळी कामगाराने शिकवायचं, पंपाचा सील कसा बदलायचा, बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा, आणि मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी समोर बसून ऐकतात. त्यानंतर वर्गाचा सूर बदलतो.

रुजू झाल्यावर

इथे बहुतेक लोक काम संपलं समजतात. पहिले नव्वद दिवस सगळ्यात नाजूक असतात, कारण गाऊन घालून चार-चार तास पाणी न पिता, बाथरूमला न जाता उभं राहणं वर्गात कुणी खरं अनुभवलेलं नसतं. म्हणून एकाच कंपनीत एकटा माणूस पाठवू नका, निदान दोघं-तिघं एकाच शिफ्टला लावून घ्या. पहिला महिना दर आठवड्याला फोन करा, रविवारी भेटा. सोडतो म्हणाला तर कारण विचारून लिहून ठेवा, बस, सुपरवायझर, तब्येत, पगार, आणि तीच वही घेऊन महिन्याच्या बैठकीत कंपनीसमोर बसा. बॅचचा हिशोब सर्टिफिकेटवर मांडू नका, सहा महिन्यांनी किती जण अजून कामावर आहेत त्यावर मांडा.

आणि तीन महिने झाले की प्रत्येकाची पगाराची स्लिप मागवून बघा. पीएफ जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) जमा होतोय का, ईएसआयचा नंबर तोच लागलाय का, कॉन्ट्रॅक्टरने ट्रेनिंगच्या नावाखाली काही कापलंय का, ओव्हरटाइम धरलाय का. गडबड दिसली तर त्या महिन्यातच कंपनीच्या एचआरला कॉन्ट्रॅक्टरच्या नावासकट लेखी द्या आणि पोच घ्या.